शिक्षकाची झेरॉक्स आणि लेखकाचा हक्क

समजा, काष्टीतल्या एखाद्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना शेतमालाच्या बाजारांवरचं एक प्रकरण टी.वाय.च्या वर्गाला वाचायला द्यायचं आहे. काष्टीत शनिवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. दलाल, भाव, खरेदी-विक्री हे सगळं या मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्या पाहण्याला सिद्धान्ताची जोड देणारं पुस्तक मात्र इंग्रजी, परदेशी प्रकाशनाचं आणि काही हजार रुपये किमतीचं. ग्रंथालयात त्याची एकच प्रत, तिच्यावर 'फक्त संदर्भासाठी' असा शिक्का. वर्गातली बरीच मुलं श्रीगोंदा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून एसटीनं येतात, पाचनंतर ग्रंथालयात बसणं त्यांना शक्य नसतं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तक आणावं म्हटलं, तर ते तिथे मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी विकत घेणार कोण? मॅडम प्रकरणाची तीस पानं झेरॉक्सला द्यायला निघतात. तेवढ्यात पहिल्या पानामागचा मजकूर त्यांना अडवतो. सर्व हक्क सुरक्षित, प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय या पुस्तकाचा कोणताही भाग कोणत्याही प्रकारे पुनर्मुद्रित करता येणार नाही.

हा मजकूर वाचून माघारी फिरणारे शिक्षक मी पाहिले आहेत. वर्षानुवर्षं डोळे मिटून झेरॉक्स काढणारे आणि मनात कुठेतरी आपण चोरी करतो आहोत असं समजणारेही पाहिले आहेत. दोघांनाही एकच गोष्ट कोणी सांगितलेली नसते. तो मजकूर प्रकाशकाचा आहे, संसदेचा नाही. संसदेनं केलेला कायदा वेगळं बोलतो आणि तो मॅडमच्या बाजूनं बोलतो.

आपला कॉपीराइट कायदा 1957चा. 21 जानेवारी 1958 पासून तो लागू झाला. त्यातलं 52वं कलम शिक्षकानं एकदा तरी मुळातून वाचावं. त्याची सुरुवातच अशी आहे की पुढे दिलेल्या कृतींनी कॉपीराइटचा भंग होत नाही. म्हणजे गुन्हा होतो पण माफ केला जातो, असा प्रकार नाही. भंगच होत नाही. या यादीत खासगी अभ्यास, संशोधन, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी 'उचित' वापराची मुभा आहे. ती सगळ्या नागरिकांना आहे. शिक्षणासाठी मात्र याच कलमात वेगळं उपकलम आहे. शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत करणं, परीक्षेच्या प्रश्नात ती वापरणं आणि उत्तरात ती लिहिणं, या तिन्हींना तिथे मोकळीक आहे. त्या उपकलमात टक्केवारी नाही. पानांची मर्यादा नाही. 'उचित' हा शब्दसुद्धा नाही.

अमेरिकेत असं नाही. तिथे शिक्षकालाही चार कसोट्यांवर आपला वापर तोलावा लागतो: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, घेतलेला भाग किती, आणि बाजारावर परिणाम काय. आपल्याकडे अनेक कार्यशाळांमध्ये हीच अमेरिकी चौकट भारतीय कायदा म्हणून शिकवली जाते. कुठूनतरी ऐकलेला दहा टक्क्यांचा नियम सांगितला जातो. असा नियम आपल्या कायद्यात नाही.

मग एवढी मोकळीक असताना हा प्रश्न कधी न्यायालयात गेला नाही का? गेला, आणि फार मोठ्या माणसांनी नेला. ऑगस्ट 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी होते दिल्ली विद्यापीठ आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे झेरॉक्सचं दुकान. प्राध्यापकांनी अभ्यासक्रमाला लागणारी वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं निवडायची, दुकानानं ती झेरॉक्स करून एकत्र बांधायची आणि विद्यार्थ्यांना पानामागे काही पैसे घेऊन द्यायची, अशी तिथली पद्धत. या बांधलेल्या संचांना तिथे 'कोर्सपॅक' म्हणत. प्रकाशकांचं म्हणणं होतं की हे संच म्हणजे बिनपरवाना छापलेली पाठ्यपुस्तकंच आहेत, विद्यापीठानं परवाना घ्यावा आणि पैसे भरावेत. ऑक्टोबर 2012 मध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशानं दुकानाचं ते काम थांबलं.

पुढे जे झालं त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. विद्यार्थी संघटना करून स्वतः दाव्यात उतरले. शिक्षकांचीही संघटना झाली. ज्यांची पुस्तकं झेरॉक्स होत होती, त्यांतल्या अनेक लेखकांनीच प्रकाशकांना दावा मागे घ्यायला सांगितलं. अमर्त्य सेन यांनी ऑक्सफर्डला पत्र लिहिलं. लेखकाच्या नावानं लढला जाणारा खटला लेखकालाच नको होता.

16 सप्टेंबर 2016 रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद कोणत्याही शिक्षकाला सहज पटेल असा आहे. विद्यार्थ्यानं ग्रंथालयात बसून प्रकरण हातानं उतरवून घेतलं असतं तर कोणी आक्षेप घेतला नसता. मग तेच काम यंत्रानं लवकर केलं म्हणून ते बेकायदा कसं ठरेल? 'अध्यापनाचा ओघ' याचा अर्थही त्यांनी व्यापक लावला. तास सुरू झाल्याच्या घंटेपासून संपल्याच्या घंटेपर्यंत एवढंच अध्यापन नसतं. अभ्यासक्रमासाठी वाचन ठरवण्यापासून सत्र संपेपर्यंतची सगळी प्रक्रिया त्यात येते.

प्रकाशक अपिलात गेले. न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि योगेश खन्ना यांच्या खंडपीठानं 9 डिसेंबर 2016 रोजी निकाल दिला, आणि आजच्या शिक्षकाला खरा आधार याच निकालाचा आहे. खंडपीठानं एंडलॉ यांची दिशा मान्य केली, पण एक कसोटी घातली. घेतलेला मजकूर अध्यापनाच्या हेतूसाठी गरजेचा होता का, एवढंच पाहायचं. किती टक्के घेतला, हे पाहायचं नाही. बाजाराच्या नुकसानीचा मुद्दाही त्यांनी तपासला. अभ्यासक्रमात तीस-चाळीस पुस्तकांचे उतारे असतील तर ती सगळी पुस्तकं विकत घेणारा विद्यार्थी कुठे असतो? झेरॉक्स मिळाली नाही तर तो ग्रंथालयात जाईल, दुकानात जाणार नाही. उलट शिकलेला माणूस पुढे पुस्तकं घेऊ लागतो, म्हणजे बाजार वाढतोच. त्या विशिष्ट संचांतला मजकूर अभ्यासाला खरंच गरजेचा होता का, एवढ्यासाठी प्रकरण परत सुनावणीला पाठवलं गेलं. ती सुनावणी झालीच नाही. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं परवाने देणाऱ्या संस्थेची याचिकाही दाखल करून घेतली नाही.

इथे एक खुलासा हवा. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. तो मार्गदर्शक आहे. पण या उपकलमाचा इतका सविस्तर विचार झालेला हाच निकाल हाताशी आहे आणि कायदा साऱ्या देशाला एकच आहे. काष्टीच्या मॅडमनी तीस पानांची झेरॉक्स निर्धास्त काढावी.

आपल्या मुंबईतला एक खटला याहून कितीतरी जुना आहे आणि शिक्षकांनी तो माहीत करून घ्यावा असं मला वाटतं. मॅकमिलन कंपनीनं 1918 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तक काढलं. प्लुटार्कनं लिहिलेलं सिकंदराचं चरित्र, सर थॉमस नॉर्थ यांचं जुनं इंग्रजी भाषांतर, त्यातले निवडक भाग जोडून केलेली संक्षिप्त आवृत्ती आणि सोबत टिपा. मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनी त्याच मजकुराचं आपलं पुस्तक बाजारात आणलं. मॅकमिलननं दावा लावला आणि तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1923 च्या अखेरीस निकाल लागला. नॉर्थचं भाषांतर कोणाच्याही मालकीचं उरलेलं नाही. त्यातले परिच्छेद गाळून उरलेले जोडणं हे स्वतंत्र निर्मितीचं काम नाही, म्हणून त्या निवडीवर मॅकमिलनचा हक्क नाही. टिपा मात्र कोणाच्यातरी अभ्यासातून आणि परिश्रमातून आल्या होत्या. त्यांच्यावर हक्क आहे, आणि त्या उचलणं चूक आहे.

शंभर वर्षांपूर्वीची ही विभागणी आजही उपयोगी पडते. ज्ञानेश्वरी कोणाच्याही मालकीची नाही, पण तिच्या एखाद्या आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना, शब्दार्थ आणि गद्य रूपांतर हे त्या संपादकाचं. एखाद्या प्राध्यापकानं कष्टानं तयार केलेल्या नोट्स गाईडवाल्यानं जशाच्या तशा छापल्या, तर तोही भंगच. आपल्या नोट्सना काही किंमत आहे हे आपल्याकडच्या शिक्षकांना पटवून द्यावं लागतं, याचं मला दुःख होतं.

आता कोणाचं लेखन किती काळ राखीव असतं ते पाहू. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षं. आधी हा काळ 50 वर्षांचा होता. रवींद्रनाथ ठाकूर 1941 मध्ये गेले, त्यामुळे 1991 अखेर त्यांचं साहित्य मुक्त होणार होतं. तेव्हा 1992 मध्ये कायदा बदलून दहा वर्षं वाढवली गेली. मराठीचा हिशेब असा लागतो. साने गुरुजी जून 1950 मध्ये गेले, म्हणून 1 जानेवारी 2011 पासून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं साहित्य सर्वांचं झालं. मर्ढेकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोघांचंही निधन 1956चं, त्यामुळे त्यांचं हयातीतलं प्रकाशित लेखन 2017च्या आरंभापासून मोकळं आहे. अण्णा भाऊ साठे 1969 मध्ये गेले. त्यांच्या कथा-कादंबऱ्या 2029 संपेपर्यंत राखीव आहेत. बहिणाबाई चौधरींचं वेगळं आहे. त्या 1951 मध्ये गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक 1952 मध्ये निघालं. निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या कृतीची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्या कविता 2013 पासून मुक्त. काष्टीत इतिहास शिकवणाऱ्या सरांना स्थानिक इतिहासाचा प्रकल्प द्यायचा असेल तर 1884 मध्ये छापलेलं अहमदनगर जिल्ह्याचं गॅझेटियर पूर्ण स्कॅन करून वर्गाला देता येतं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. न्यायालयांचे निकालही, न्यायालयानं स्वतः मनाई केली नसेल तर, जसेच्या तसे देता येतात.

इथपर्यंत कायदा शिक्षकाच्या बाजूनं भरभरून बोलला. आता दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच जवळची आहे.

महाविद्यालयांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सत्राच्या पहिल्या आठवड्यात काय फिरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अभ्यासाला लावलेल्या मराठी कादंबरीची किंवा कवितासंग्रहाची पूर्ण पीडीएफ. पुस्तकाची किंमत दीड-दोनशे रुपये, आवृत्ती बाजारात उपलब्ध, प्रकाशक छोटा, आवृत्ती जेमतेम हजार प्रतींची. अशा पुस्तकाचं विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला लागणं म्हणजे लेखकाला कित्येक वर्षांतून एकदा मिळणारा रॉयल्टीचा चेक असतो. गरजेच्या कसोटीवर ही पीडीएफ मला टिकताना दिसत नाही. परदेशी पुस्तकातलं एक प्रकरण आणि सहज मिळणारी अख्खी मराठी कादंबरी यांना एकाच मापानं मोजणं अन्यायाचं आहे. शिवाय ती पीडीएफ वर्गापुरती राहत नाही. ती पुढे पुढे जात राहते आणि अध्यापनाच्या ओघाशी तिचा काही संबंध उरत नाही. कायद्यात भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पण शिक्षेच्या भीतीनं नव्हे, मराठीत पुढची कादंबरी लिहिली जावी म्हणून शिक्षकानं इथे हात आवरावा. गरीब विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयानं वीस प्रती विकत घेऊन ग्रंथपेढीतून द्याव्यात. आपल्याकडे ग्रंथपेढीची पद्धत जुनी आहे, ती पुन्हा नीट चालवली पाहिजे.

हाच कायदा एका विद्यार्थ्यासाठी मात्र अख्खं पुस्तक मोकळं करतो. वर्गात कोणी अंध असेल किंवा छापील मजकूर वाचू शकत नसेल, तर त्याच्यासाठी पूर्ण पुस्तक स्कॅन करून, टाइप करून किंवा वाचून ध्वनिमुद्रित करून देता येतं. 2012च्या दुरुस्तीनं हे आलं. अट एवढीच की ते अशाच वाचकांपर्यंत राहावं आणि त्यात नफा नसावा. दृष्टिहीनांसाठीच्या माराकेश करारावर 2014 मध्ये जगात सर्वांत आधी भारतानं शिक्कामोर्तब केलं. महाविद्यालयात अशी एक जरी विद्यार्थिनी असेल तर एनएसएसच्या मुलांना हे काम द्या. याहून चांगला श्रमदानाचा उपक्रम मला सुचत नाही.

गॅदरिंगचा विषयही इथेच येतो. महाविद्यालयाच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक केलं, गाणी म्हटली, वर्गात चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसंच असली, तर परवानगी लागत नाही. तीच एकांकिका पुण्याला पुरुषोत्तम करंडकला न्यायची ठरली की लेखकाची परवानगी हवी, कारण तिथला प्रेक्षक बाहेरचा. मराठी नाट्यस्पर्धांमध्ये लेखकाचं परवानगीपत्र जोडण्याची रीत आहे आणि तालुक्याच्या गावातली मुलंही ते पत्र धडपडून मिळवतात. कायद्याचा हा भाग आपल्या समाजात खऱ्या अर्थानं रुजला आहे. वर्गातलं व्याख्यान यूट्यूबवर टाकतानाही हाच विचार करावा. वर्गात पूर्ण कथा वाचून दाखवणं वेगळं, आणि ती पूर्ण वाचलेली फीत जगाला खुली करणं वेगळं.

विद्यापीठं उताऱ्यांची पाठ्यपुस्तकं काढतात, तिथे शिक्षकाची मोकळीक लागू होत नाही. शैक्षणिक संग्रह बहुतांशी मुक्त साहित्याचा असेल, तरच त्यात राखीव कृतींतले छोटे उतारे घेता येतात, आणि एका प्रकाशकानं एका लेखकाचे पाच वर्षांत दोनपेक्षा जास्त उतारे घ्यायचे नाहीत. हयात लेखकांच्या कथांचा संग्रह असेल तर परवानगी आणि मानधन दोन्ही आलं.

मराठीतून शिकवणाऱ्यांसाठी कायद्यात एक तरतूद आहे, पण प्राध्यापकांच्या बैठकीत ती कधी चर्चेला येताना मी ऐकलेली नाही. परदेशी पुस्तकाचं भाषांतर अध्यापनासाठी हवं असेल आणि मालक परवानगी देत नसेल किंवा सापडतच नसेल, तर सक्तीचा परवाना मागता येतो. सर्वसाधारण मुदत प्रकाशनानंतर तीन वर्षांची. पण ज्या भाषेचा विकसित देशांत सर्रास वापर नाही, तिच्यासाठी एकच वर्ष. मराठी या दुसऱ्या गटात बसते. रॉयल्टी द्यावी लागते, अर्जाची प्रक्रिया किचकट आहे, तरी हक्क आहे. 1967 मध्ये स्टॉकहोमला आणि 1971 मध्ये पॅरिसला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदांत विकसनशील देशांनी भांडून मिळवलेल्या सवलतींचा हा वारसा आहे आणि त्या भांडणात भारत पुढे होता. अभियांत्रिकीचे वर्ग मराठीतून घ्यायला 2021-22 पासून परवानगी मिळाली, पुस्तकं मात्र अपुरी आहेत. ही तरतूद वापरायची वेळ हीच आहे.

मॅडमकडे परत यायचं तर त्यांनी तीस पानं काढताना काही साध्या गोष्टी कराव्यात. पहिल्या पानावर लेखक, पुस्तक, प्रकाशक आणि वर्ष लिहावं. लेखकाचं श्रेय हा त्याचा वेगळा हक्क आहे आणि विद्यार्थ्याला उद्या ते पुस्तक शोधायचं झालं तर नाव हाताशी असतं. हे वाचन कोणत्या घटकासाठी आहे याची नोंद शिकवण्याच्या आराखड्यात ठेवावी, म्हणजे गरज कागदावर दिसते. मुलांकडून झेरॉक्सच्या खर्चापलीकडे पैसा घेऊ नये. पुस्तक देशात विक्रीला उपलब्धच नसेल, तर नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करून घेता येतात, हेही ग्रंथपालांच्या कानावर घालावं.

या मोकळिकीवर एक ढग आहे आणि त्याची सावली थेट काष्टीसारख्या गावांवर पडते. जुलै 2021 मध्ये वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीनं आपल्या 161व्या अहवालात 52व्या कलमाचा फेरविचार सुचवला. प्रती किती करायच्या याला मर्यादा घालावी आणि ही सवलत सरकारी मालकीच्या शिक्षणसंस्था आणि ग्रंथालयांपुरती ठेवावी, असा त्या शिफारशीचा रोख आहे. अजून कायद्यात तसा बदल झालेला नाही. पण महाराष्ट्रातलं ग्रामीण उच्च शिक्षण सरकारी इमारतींत उभं राहिलेलं नाही. 1919 मध्ये कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली तिथपासून ते सहकारातून आणि गावच्या पुढाऱ्यांतून निघालेल्या संस्थांपर्यंत, आपल्या तालुक्यांतली बहुतेक महाविद्यालयं नोंदणीकृत संस्था चालवतात. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत केंद्रानं 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवले आणि सुमारे 13,000 नियतकालिकं खुली केली, तीही सरकारी संस्थांसाठीच. म्हणजे वर्गणीच्या दारातून काष्टीचा विद्यार्थी आधीच बाहेर राहिला आहे. झेरॉक्सचं दारही सरकारी मालकीच्या अटीनं बंद झालं, तर दिल्लीतल्या विद्यार्थ्यांनी लढून राखलेला हक्क दिल्लीतच राहील. ग्रामीण महाविद्यालयांच्या संस्थाचालकांनी, प्राध्यापकांच्या संघटनांनी आणि मराठी प्रकाशकांनीही या शिफारशीवर आपलं म्हणणं लेखी कळवलं पाहिजे, आणि ते दुरुस्तीचं विधेयक येण्याआधी कळवलं पाहिजे.